शेवटच्या रांगेतला समुद्र

आईने आयुष्यात नाटकं खूप पाहिली, पण त्यांची डावी बाजू पाहिली नाही.

याला कारण बाबा. निवृत्त होईपर्यंत बाबा एका नाट्यगृहाच्या बुकिंगच्या खिडकीत बसायचे. खिडकीतल्या माणसाच्या घरच्यांना नाटक फुकट असायचं, पण एका अटीवर. जी खुर्ची कुणीच घेतली नाही, तीच मिळायची. आणि त्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेत, एका जाडजूड खांबामागे, एक खुर्ची होती जी शहाणा माणूस कधीच घेत नसे. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो अंधार आईच्या नावावर कायमचा राखीव होता.

खांब रंगमंचाची डावी बाजू खायचा. त्यामुळे नाटकांबद्दलची आईची मतं जगावेगळी असत. एका गाजलेल्या नाटकात नायिका शेवटी विष पिऊन मरते. ती डावीकडे मरते. आई घरी येऊन म्हणाली, "बरं झालं बाई, गेली एकदाची माहेरी. सासरच्यांची तोंडं कशी झाली होती, बघायला हवी होती तू." एका खुनाच्या नाटकाला ती पुन्हा पुन्हा गेली. खुनी दरवेळी डावीकडून यायचा आणि डावीकडेच पकडला जायचा. अखेर तिने स्वतःच निकाल लावून टाकला की मेलेला माणूस वयोमानाने गेला आणि बाकीचे उगाच आरडाओरडा करत होते.

खांबाबद्दल तिने कधी अवाक्षर काढलं नाही. एखादा नट आवडला तर एवढंच म्हणायची, "चांगलं काम करतो. उजवीकडे असला की."

बाबा निवृत्त झाल्यावर दादाने आणि मी ठरवलं की या दोघांना जहाजाच्या सफरीवर पाठवायचं. साधी खोली नाही, बाल्कनीची केबिन. काचेचं दार, दाराबाहेर दोन खुर्च्या आणि पुढे समुद्र. बाबा ऐकताक्षणीच उठून टोपी शोधायला लागले. आई भाजी निवडत होती, तिने मानसुद्धा वर केली नाही.

"मला नको. माझ्या वाट्याला काय येणार ते मला ठाऊक आहे."

"काय येणार?" बाबांनी विचारलं.

"खांब."

"अगं, जहाजावर खांब कुठून येईल?"

"तुम्ही असलात की येतो."

बाबा टोपी हातात घेऊन तसेच उभे राहिले. मग तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि तिच्या हातातली जुडी काढून घेतली. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी भाजीला हात लावल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते.

"या वेळी नाही," ते म्हणाले. "शब्द देतो. शेवटची रांग नाही, कोपरा नाही, मध्ये काही नाही. तुला अख्खा समुद्र दाखवतो."

आईने जुडी परत घेतली. "आणि नाही दिसला तर मी पहिल्या बंदराला उतरून घरी येईन. घरी भिंत आहे. ती अख्खी दिसते."

ती हसत नव्हती. आई एकदा एका लग्नातून पाणी गार नाही म्हणून उठून आली होती, आणि ते लग्न तिच्या सख्ख्या भाच्याचं होतं. बाबा कामाला लागले.

त्यांनी जहाजाचा नकाशा मिळवला. मजल्यामजल्याचे कागद चिकटपट्टीने जोडून, एकावर एक असे जेवणाच्या टेबलावर अंथरले. तेव्हापासून आम्ही मांडीवर ताट घेऊन जेवायला लागलो. नकाशा म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. "प्लॅन म्हण," ते म्हणायचे. नाट्यगृहात खुर्च्यांचा असतो तो प्लॅन. जहाज म्हणजे त्यांच्या लेखी एक लांबुळकं नाट्यगृह होतं, फक्त त्यात नाटक भिंतीबाहेर चाललेलं होतं.

तिकिटं देणारी सफरवाली म्हणजे एक तरुण, फार सोशिक मुलगी. ती फोन करून सांगायची, "काका, एक सुंदर केबिन आहे, अगदी पुढच्या टोकाला. घेऊन टाका."

बाबा फोन ठेवायचे आणि डोळे बारीक करायचे. "स्वतःहून पुढची देतेय. म्हणजे खपत नाहीये."

"बाबा, ती मदत करतेय."

"मी आयुष्यभर हीच मदत केलीय," बाबा म्हणाले. "जी खुर्ची मोडकी, तिचं कौतुक आधी. एका खुर्चीची स्प्रिंग वर आली होती. ती मी 'पाठीला आधार देणारी' म्हणून विकायचो. लोक मुद्दाम मागून घ्यायचे."

त्यामुळे सफरवाली जी जी केबिन सुचवेल ती ती बाबा प्लॅनवर लाल पेन्सिलीने खोडायचे. पुढची खोडली. लिफ्टजवळची खोडली. नाचायच्या हॉलखालची खोडली. ज्यांच्यासमोर लाइफबोटी टांगलेल्या होत्या त्या केबिनी तर त्यांनी इतक्या जोरात खोडल्या की कागद फाटला आणि खालच्या मजल्यावरचा पोहण्याचा तलाव दिसायला लागला. एकदा वैतागून सफरवाली म्हणाली, "काका, मग तुम्हाला हवी ती घ्या, मी काही सुचवत नाही." बाबा दिवसभर अस्वस्थ होते. "सुचवत नाही म्हणते. काहीतरी मोठं लपवतेय."

त्यात मामाची भर. मामाला आम्ही कप्तान म्हणतो, कारण त्याने एकदा बागेतल्या तळ्यात पायाने चालवायची बदकाच्या आकाराची होडी चालवली आहे. तेव्हापासून पाण्याविषयी कुणी काही बोललं की तो दूरवर बघत उसासा टाकतो.

"भाऊजी, समुद्र ही काय चीज आहे ते मला विचारा," तो म्हणाला. "टोकं हलतात. मध्य हलत नाही. मधली घ्या."

"पुरावा?"

पुरावा म्हणून ते दोघं मला घेऊन बागेतल्या सीसॉवर गेले. एका टोकाला मामा, दुसऱ्या टोकाला मी, आणि बरोबर मध्ये दांड्यावर बाबा, डोळे मिटून, मांडीवर हात ठेवून. आम्ही वरखाली होत होतो.

"काही जाणवतंय का?" मामाने वरून विचारलं.

"काही नाही," बाबा समाधानाने म्हणाले. "घरी बसल्यासारखं वाटतंय."

एक छोटी मुलगी केव्हाची आपली पाळी यायची वाट बघत उभी होती. ती म्हणाली, "आजोबा, मध्ये बसले तर मजा येत नाही."

"मजा कुणाला हवीय," बाबा डोळे न उघडता म्हणाले. "मला बायको घरी परत येऊ द्यायची नाहीये."

त्या मुलीची आई येऊन तिला जरा लांब घेऊन गेली.

राहिला प्रश्न आवाजाचा. केबिनीच्या डोक्यावर उघडा मजला असेल तर लोक सकाळी सकाळी आरामखुर्च्या ओढतात, हे बाबांनी कुठेतरी वाचलं होतं. आमच्या वरच्या मजल्यावर एक दातांचे डॉक्टर राहतात. बाबांनी त्यांना जाऊन विनंती केली, की सकाळी जरा खुर्च्या ओढाल का, आम्हाला ऐकून बघायचंय. डॉक्टर रोजच ओढतात. आमची विनंती त्यांना टोमणा वाटली आणि त्यांनी त्या दिवसापासून ओढणं बंद केलं. प्रयोग फसला, पण घरात शांतता नांदू लागली. बाबांनी मात्र खबरदारी म्हणून वरचा अख्खा मजला खोडला.

असं खोडत खोडत शेवटी एक केबिन राहिली. बरोबर मध्यावर. वर झोपणारे, खाली झोपणारे, शेजारी लिफ्ट नाही, समोर बोट नाही. तिच्यावर बाबांनी निळ्या पेन्सिलीने गोल काढला आणि आईला हाक मारली. आई चष्मा लावून आली, वाकून बघितलं.

"ही का?"

"ही."

"एवढीशी?"

"अगं, कागदावर आहे ती."

"बघू," एवढंच म्हणून ती गेली. पण जाताना तिने टेबलावरचा चहाचा कप उचलून बाजूला ठेवला, प्लॅनवर डाग पडू नये म्हणून. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही लॉटरीचा आकडा लागला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं सफरवालीच्या ऑफिसात गेलो. औषधाच्या दुकानावर, अरुंद जिना चढून गेल्यावर एक खोली. एक काउंटर, त्यावर संगणक, भिंतीवर वाळूत एकट्याच पडलेल्या खुर्चीचं चित्र. बाबांनी नोकरीतला इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी केबिनीचा आकडा असा सांगितला, जसं काही मुलीचं स्थळ ठरवतायत.

सफरवालीने पाहिलं. "आहे, काका. या सफरीची मधली हीच एक शिल्लक आहे. करू?"

हो म्हणायचं आणि घरी यायचं, एवढंच काम होतं. पण बाबांना वाटलं, इतकी चांगली केबिन शिल्लक का?

"एक विचारून घ्या," ते म्हणाले. "तिच्या आसपास कपडे धुवायची यंत्रं तर नाहीत ना?"

सफरवालीने दीर्घ श्वास घेतला, संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवून दिला आणि फोन करायला आतल्या खोलीत गेली. बाबा पडदा नीट दिसावा म्हणून उठले. मग काउंटरला वळसा घालून पलीकडे गेले. मग तिच्या खुर्चीत बसले. हे सगळं इतकं सहज झालं की आम्हाला कळलं नाही. त्यांनाही कळलं नसावं.

तेवढ्यात जिन्यावरून एक जोडपं आलं. बाई दम लागून नवऱ्याच्या बाहीला धरून उभी होती. नवरा काउंटरवर वाकला.

"ते जहाजाचं इथेच ना? बाल्कनीची मिळेल का हो? हिला फार लागतं. साध्या मोटारीतसुद्धा."

बाबांची पाठ ताठ झाली. चष्मा नाकावर खाली आला. आणि त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला, जो आम्ही ते निवृत्त झाल्यापासून ऐकला नव्हता. जरा नाकातला, जरा घाईचा.

"किती जण?"

"दोघं."

"कुठली सफर?"

त्याने सांगितली. आमचीच होती.

"बाबा," मी म्हटलं.

बाबांनी माझ्याकडे न बघता हात वर केला. "एका वेळी एक."

"पुढची केबिन कशी असते?" त्या माणसाने विचारलं.

"पुढची नको, हलते. मागची नको, थरथरते. वरची घेतलीत तर डोक्यावर खुर्च्या ओढतात. मधली घ्या. एकच आहे."

"चांगली आहे ना नक्की?"

बाबा जरासे पुढे झुकले आणि आवाज खाली आणला. "घरच्यांसाठी राखून ठेवली होती."

हे वाक्य बाबांनी आयुष्यभर खिडकीतून हजारो लोकांना सांगितलं होतं. खरं ते आज पहिल्यांदाच होतं, आणि ते बाबा सोडून खोलीतल्या दोन माणसांना माहीत होतं. त्यातली एक मी. दुसरी पर्स मांडीवर घेऊन शांत बसली होती.

सफरवाली बाहेर आली. "काका, कपड्यांची यंत्रं नाहीत तिथे..." ती थबकली. तिच्या खुर्चीत बाबा, समोर नवं गिऱ्हाईक. "हे घेतायत का ती?"

"हो हो, पटकन करून टाका," बाबा उठून तिला जागा देत म्हणाले. "ताटकळलेत बिचारे."

तिला वाटलं, काकांनी हीसुद्धा खोडली. तिने करून टाकली. त्या बाईने बाबांचा हात दोन्ही हातांत धरला. "तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत हो." मग ते दोघं जपून जपून जिना उतरून गेले.

बाबांचा चेहरा उजळला होता. शेवटचं तिकीट खपलं की तो तसा उजळायचा. ते बाहेर 'हाउसफुल्ल'ची पाटी लावायला निघालेसुद्धा. अर्ध्या वाटेत त्यांना आई दिसली.

उजेड हळूहळू गेला. आधी कपाळावरचा, मग गालांवरचा.

"आमची कुठली?" आईने विचारलं.

बाबा धावत जिन्यापर्यंत गेले, तिथेच थांबले, परत आले. "तिने माझा हात धरला होता," ते म्हणाले. "आता मागायची कशी?"

"मागूही नका. तिला लागतं." आई सफरवालीकडे वळली. "आता काय उरलंय बाई?"

उरल्या होत्या तीन. एक लाइफबोटीमागची, एक नाचायच्या हॉलखालची, आणि एक जहाजाच्या अगदी मागच्या टोकाची.

"मागची नाही!" बाबा ओरडले. खाली औषधाच्या दुकानातलं बोलणं थांबलं. "पुढच्या वर्षी जाऊ. दुसरं जहाज बघू. मागची नाही."

आई उठली आणि काउंटरपुढच्या खुर्चीत जाऊन बसली. बाबांशी नव्हे, सफरवालीशी बोलायला लागली.

"मागून काय दिसतं?"

"मागचं दिसतं, काकू. म्हणजे बाजूच्या केबिनीतून एकच बाजू दिसते ना, डावी तरी नाहीतर उजवी तरी. मागून दोन्हीकडचं दिसतं. आणि जहाजाने कापलेलं पाणी."

"मधल्या केबिनीतून एकच बाजू?"

"सगळ्याच तशा, काकू."

आईने सावकाश मान वळवून बाबांकडे पाहिलं. बाबांनी सीसॉचा अभ्यास केला होता, खुर्च्यांच्या आवाजाचा केला होता. जहाजाला दोन बाजू असतात, हे त्यांच्या प्लॅनमधून निसटलं होतं.

"मध्ये काय येतं?" आईने पुन्हा सफरवालीला विचारलं.

"काही नाही."

"नीट बघून सांग. काहीतरी येत असेल."

सफरवालीने नीट बघितलं. "एक कठडा आहे. काचेचा."

"अगं, शेवटची रांग आहे ती," बाबा मध्ये पडले. त्यांचा आवाज रडवेला झाला होता. "मी तुला शब्द दिला होता. लोक काय म्हणतील? बुकिंगवाल्याने बायकोला समुद्रावरसुद्धा शेवटच्या रांगेत बसवलं?"

"लोक पुढे तोंड करून बसलेले असणार. मागे कोण बघतंय?"

"पण शब्द..."

"शब्द तुमचा आहे हो. डोळे माझे आहेत."

"थरथरते ती," बाबांनी शेवटचा प्रयत्न केला. "मी स्वतः लोकांना सांगतो, मागची नको, थरथरते."

"इतकी वर्षं तुमच्याशेजारी झोपले," आई म्हणाली. "तुम्ही घोरता तेव्हा कपाटातली भांडी वाजतात. मला इंजिनाचं काय कौतुक?" आणि सफरवालीला म्हणाली, "कर बाई. आणि हे पुन्हा तुझ्या खुर्चीत बसायच्या आत कर."

घरी आल्यावर बाबांनी प्लॅन गुंडाळून ठेवला. पुढे जायच्या दिवसापर्यंत ते आईला अधूनमधून विचारत राहिले, की लाइफबोटीचीसुद्धा तेवढी वाईट नव्हती, विचार करतेस का. आई बॅगेत स्वेटर भरत असायची.

त्यांना निरोप द्यायला मामाही आला होता. त्याने वारा कुठून येतोय ते बोट ओलं करून पाहिलं आणि चुकीची दिशा सांगितली. बाबा शिडी चढताना असे चालत होते, जसे काही पहिल्याच बंदरावरून परत यायचं पक्कं झालंय.

पहिलं बंदर आलं त्या दिवशी मी हातातली कामं सोडून फोनजवळ बसले होते. दुपारी आईचा फोन आला.

"उतरलीस का?" मी घाबरतच विचारलं.

"कुठे उतरू? उन्हात?" मागून इंजिनाची घरघर ऐकू येत होती. "ती मधल्या केबिनवाली बाई भेटली जेवताना. छान झोपली म्हणे. तुझे बाबा एवढे फुगले, दोनदा भात घेतला."

"आणि तुझं? दिसतं का?"

"दिसतं."

"अख्खा?"

"अगं, जरा जास्तच आहे," ती म्हणाली. "या टोकापासून त्या टोकापर्यंत मान वळवून वळवून माझी मान दुखायला लागली. इतकं कुणाला लागतं? काल दुपारी मी सरळ पडदा ओढून घेतला आणि झोपले. तर तुझे बाबा धावत आले. पडदा का पाडला, काय झालं, कोण काय म्हणालं! मी म्हटलं, अहो, माझं बघून झालंय. आता पुन्हा बघीन उठल्यावर. तो कुठे जातोय?"

"मग उतरणार नाहीस ना?"

"नाही गं. चहा बरा देतात."

मी सुटकेचा निःश्वास टाकला. "बाबा कुठायत? दे त्यांना."

"बाहेर बसलेत, बाल्कनीत. मला म्हणाले होते, पाच मिनिटं बसतो आणि तक्रार असेल तर खाली जाऊन सांगतो. सकाळपासून बसलेत." ती आवाज खाली आणून बोलायला लागली. "सबंध आयुष्य त्या खिडकीत गेलं बघ. आतून टाळ्या ऐकू यायच्या, हे बाहेर सुटे पैसे मोजत. एक नाटक पुरतं पाहिलं नाही या माणसाने. मी निदान उजवीकडचं पाहिलं." मग तिने फोन लांब धरला असावा, कारण आवाज लांबून आला. "अहो, लेकीचा फोन आहे! या ना आत!"

पलीकडे वाऱ्याचा नुसता सूं सूं आवाज. मग काहीतरी पुटपुटलेलं.

आई फोनवर परत आली. "येत नाहीत. म्हणतात, थांब, अजून संपलं नाही."